समोरून येणाऱ्याला हात

दोन अनोळखी चालक समोरासमोरून जाताना एकमेकांना हात करतात, ही रीत रस्त्यांइतकीच जुनी असावी. तिच्याबद्दलचा वाद मात्र नवा आहे. बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीकडून बारवी धरणाच्या दिशेने रविवारी सकाळी निघालं की थार, बुलेट, जावा आणि अधूनमधून एखादी खाली बसलेली दोन दारांची गाडी भेटते. त्यांतले काही चालक हात उंचावतात, काही डिपर मारतात, काही हॉर्नचा छोटासा टिपका देतात आणि काही सरळ निघून जातात. हात न केलेल्याला गर्विष्ठ समजावं का? हात केलेल्याने चूक केली का? हा मान फक्त आपल्यासारख्या गाडीला द्यायचा की समोरच्या टेम्पोलाही? स्पोर्ट्‌स कार आणि हौशी गाड्या चालवणाऱ्यांत या प्रश्नांवर मनापासून वाद होतो. बाहेरच्याला तो क्षुल्लक वाटेल, मला वाटत नाही. अनोळखी माणसाची दखल घेण्याच्या ज्या थोड्या सवयी आपल्या रस्त्यांवर उरल्या आहेत, त्यांतली ही एक आहे.

लाल गाडीची रीत

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात स्पोर्ट्‌स कारपासून करून चालणार नाही. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि त्यानंतर गावोगावच्या अरुंद रस्त्यांवर एक साधा शिष्टाचार रुजला. समोरून दुसरी एसटी आली की चालकाचा पंजा स्टिअरिंगवरून उठतो. चालकाच्या मागच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे त्याने हे शेकडो वेळा पाहिलं असेल. दोघांचे डेपो वेगळे असतील, कदाचित ते पुन्हा भेटणारही नाहीत, तरी हात उठतो. त्यामागे एका महामंडळाची नोकरी आहे, एकाच प्रकारची रात्रपाळी आहे आणि घाटात एकमेकांच्या बातमीवर अवलंबून राहण्याचा अनुभव आहे.

बातमीचा हा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो आणि वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळे समोरासमोर आलेल्या दोन एसटी थांबल्या की दोघांच्या खिडक्या शेजारी येतात. पावसाळ्यात मुरबाडकडून माळशेज घाट चढणारा चालक उतरणाऱ्याला विचारतो, वर धुकं किती आहे, दरड आली आहे का. दोन वाक्यं होतात आणि गाड्या सुटतात. नुसता हात ही या संवादाची आखूड आवृत्ती आहे. थांबण्याची गरज नसली की ‘वाट बरी आहे’ एवढं त्यातून कळतं. अभिवादन आणि माहिती यांची ही सरमिसळ पुढच्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे, म्हणून ती इथेच लक्षात ठेवलेली बरी.

ट्रकवाल्यांची रीत डिपरची. रात्री समोरच्याचा चेहरा दिसत नाही, तेव्हा दिवाच बोलतो. पण या दिव्याचे अर्थ एकमेकांच्या उलटही असतात. महाराष्ट्रातल्या अरुंद पुलावर समोरच्याने डिपर मारला तर बहुतेक वेळा ‘मी येतोय, तू थांब’ असा अर्थ घेतला जातो. मागच्या गाडीला ओव्हरटेक करू देतानाचा डिपर म्हणजे ‘ये’. हायवेवर दिवसाढवळ्या मारलेला डिपर म्हणजे पुढे पोलीस उभे आहेत. आणि आता हौशी गाड्यांमध्ये तोच डिपर म्हणजे ‘राम राम’.

बाहेरून आलेला धागा

स्पोर्ट्‌स कारची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फोफावली असं साधारणपणे मानलं जातं. त्या काळात एमजी कंपनीच्या टीसी या दोन आसनी उघड्या गाडीने तिथल्या तरुणांना वेड लावलं. 1945 ते 1949 या काळात सुमारे 10 हजार टीसी बनल्या आणि त्या सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या होत्या. प्रचंड अमेरिकन मोटारींच्या गर्दीत अशी बुटकी, बिनछपराची गाडी चालवणारा माणूस तसा एकटाच होता. दुसरी तशीच गाडी दिसली की आनंद व्हायचा आणि छप्पर नसल्यामुळे तो दिसायचाही. 1953 मध्ये शेवरोलेने पहिल्या वर्षी फक्त 300 कॉर्व्हेट बनवल्या. त्यांच्या मालकांतही हात करण्याची परंपरा तयार झाली. ती टिकवा असं सांगणारी घोषणा कॉर्व्हेटवाले आजही मिरवतात. जीपवाल्यांचा वारसा युद्धातल्या विलीज जीपपर्यंत नेला जातो.

मोटारसायकलींबद्दल एक कथा सगळीकडे सांगितली जाते. विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन यांनी 1904 मध्ये रस्त्यात एकमेकांना हात केला, ते कोणीतरी पाहिलं आणि प्रथा पडली. कथा गोड आहे, पण तिला इतिहास म्हणता येत नाही. बहुधा ही रीत कोणी एकाने सुरू केलेली नाही. संख्या कमी असलेल्या, उघड्यावर बसलेल्या आणि गाडी बिघडली तर एकमेकांशिवाय गत्यंतर नसलेल्या लोकांत ती ठिकठिकाणी आपोआप उगवली असावी.

आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार म्हणजे कोणती गाडी

इथे आढाव्यात पहिली अडचण येते. आयात शुल्क दीर्घकाळ गाडीच्या किमतीइतकं किंवा त्याहून जास्त राहिल्यामुळे खऱ्या अर्थाने स्पोर्ट्‌स कार म्हणता येईल अशी वाहनं भारतात फारच थोड्यांकडे होती. मराठी घरांत हा शब्द गप्पांत आला तो सचिन तेंडुलकरच्या फेरारी 360 मॉडेनामुळे. त्या गाडीवरच्या शुल्कमाफीचा वाद 2003 मध्ये इतका गाजला की ज्यांनी फेरारी कधी पाहिली नव्हती त्यांनाही तिचं शुल्क ठाऊक झालं. देशी प्रयत्नही झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची छोटी दोन आसनी गाडी आली. 2012 च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने अवंती दाखवली. दोन्ही गाड्या रस्त्यावर क्वचितच दिसल्या.

त्यामुळे आपल्याकडे ही रीत वेगळ्याच गाड्यांच्या आधाराने वाढली. चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो, विशेषतः तिची जीटी आवृत्ती, ही मुंबई-पुण्याच्या पगारदार तरुणांची स्पोर्ट्‌स कारच होती. 2022 मध्ये तिचं उत्पादन थांबल्यावर मालकांतला जिव्हाळा उलट वाढला. महिंद्रा समूह 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत विलीज जीप जोडत आला होता. त्याच वंशातली नवी थार 2 ऑक्टोबर 2020 रोजी बाजारात आली आणि जीपवाल्यांचा हात नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीबरोबर गावोगाव पोहोचला. जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपला आंतरराष्ट्रीय दिवस साजरा करतात. महागड्या गाड्यांसाठी मुंबईत पार्क्स सुपर कार शो भरतो आणि आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या ड्रॅग शर्यती होतात. अशा मेळाव्यांतून परतणाऱ्या गाड्या रस्त्यात एकमेकींना सलाम करतात, मग ही सवय मेळाव्याबाहेरही टिकते.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात स्पोर्ट्‌स कारवाल्यांचं अभिवादन शोधायला निघालेल्याला शुद्ध रूप सापडणार नाही. सापडेल ते मिश्रण: एसटीच्या हाताची सवय पाहत मोठा झालेला मुलगा, हातात थारचं किंवा पोलोचं स्टिअरिंग, आणि परदेशी व्हिडिओंत पाहिलेला दोन बोटांचा सलाम. हे मिश्रण मला अस्सल वाटतं. काचेवर ‘जय भीम’, ‘जय झुलेलाल’, ‘एकवीरा आई’ किंवा ‘माऊली’ लिहिलेल्या गाड्या ज्या रस्त्यांवर शेजारी शेजारी चालतात, तिथे नमस्कार एकाच पद्धतीचा असेल अशी अपेक्षा करायचं कारण नाही.

हात कोणता आणि वेळ किती

या वादात शरीररचनेचा आणि अंकगणिताचा विचार फारसा होत नाही. समोरून येणारं वाहन आपल्या उजव्या बाजूने जातं. कारचालकाचा उजवा हात खिडकीशी असतो, गिअर डाव्या हाताला. त्यामुळे कारचालकाला उजव्या हाताने अभिवादन करणं सोपं आहे. मोटारसायकलस्वाराचं उलट आहे. त्याचा उजवा हात थ्रॉटलवर आणि पुढच्या ब्रेकवर असतो, म्हणजे जो हात समोरच्याला दिसतो तोच त्याला सोडता येत नाही. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, मोकळा डावा हात समोरच्याच्या बाजूला असतो, म्हणून तिथला स्वार हात खाली सोडून ऐटीत अभिवादन करू शकतो. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच अडचण असल्याने तिथले स्वार मान डोलावतात. भारतात मात्र अनेक जण अमेरिकन व्हिडिओ पाहून डावा हात छातीवरून आडवा नेतात. ही नक्कल धोक्याची आहे आणि तिची गरजही नाही. हेल्मेट घातलेल्या माणसाची झुकलेली मान लांबून स्पष्ट दिसते.

वेळेचं गणितही साधं आहे. दोन गाड्या प्रत्येकी ताशी 60 किलोमीटरने समोरासमोर आल्या तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला सुमारे 33 मीटरने कमी होतं. शंभर मीटरवर गाडी ओळखली तर ओळख पटणं, ठरवणं, हात उचलणं आणि तो परत ठेवणं या सगळ्यासाठी तीन सेकंद मिळतात. बारवीच्या वळणावळणाच्या वाटेवर शंभर मीटर सरळ दिसतीलच असं नाही. तिथे वेग कमी असतो म्हणून जमून जातं. हात न करणाऱ्याला शिष्ट ठरवणाऱ्यांनी हे तीन सेकंद आठवावेत. त्याने बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं.

मतं आणि मतभेद

सध्या या विषयावर ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका आपल्यापुरती. तिच्या मते अभिवादनाला अर्थ येतो तो मर्यादेमुळे. थारने थारला, जावाने जावाला, पोलो जीटीने पोलो जीटीला हात करावा. सगळ्यांना केला तर त्यातून ओळखच नाहीशी होते. या भूमिकेमागे एक खरी गोष्ट आहे: रस्त्यात गाडी बंद पडली तर त्याच गाडीचा मालक थांबून मदत करेल, हा विश्वास अशा हातांतून जमत जातो. जुन्या जावाचा सुटा भाग कुठे मिळेल हे दुसरा जावावालाच सांगू शकतो.

दुसरी भूमिका याला उत्तर देते की रस्ता ब्रँडप्रमाणे वाटलेला नाही. एसटीचालक, ट्रकचालक, दुधाचा टेम्पो, पहाटेचा रिक्षावाला हे रोज याच वाटेवर असतात. हौशी गाडी आठवड्यातून एकदा येते. पाहुण्याने यजमानाला आधी नमस्कार करावा. या गटातले लोक ट्रकला साइड दिल्याबद्दल आवर्जून हात करतात आणि सांगतात की ट्रकवाला जवळपास नेहमीच उत्तर देतो. माझा कल या बाजूला आहे हे लपवत नाही. एखाद्या वाटेवर सगळ्यात महाग गाडीला मिळणारा मान रस्ता सांभाळून चालवणाऱ्या टेम्पोचालकाला मिळत नसेल, तर त्या मानाची किंमत माझ्या लेखी कमी होते.

तिसरी भूमिका सुरक्षेची. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, बाकी सगळं गाडी थांबल्यावर. वाहन शिकवणारे आणि अपघात जवळून पाहिलेले लोक बहुधा हेच म्हणतात. त्यांचा आक्षेप हात उचलण्यापेक्षा त्याच्या आसपास जे घडतं त्यावर जास्त आहे: समोरची गाडी निरखण्यात नजर रेंगाळते, मध्यरेषेकडे गाडी सरकते आणि अभिवादन मोबाइलवर टिपण्याचा मोह होतो.

चौथी भूमिका रस्त्याकडेच्या रहिवाशांची आहे आणि चालकांच्या चर्चेत ती सहसा ऐकू येत नाही. स्पोर्ट्‌स कारवाल्यांचं अभिवादन नेहमी मूक नसतं. इंजिन रेझ करून, सायलेन्सरचा फटाका उडवून दिलेली दादही त्यात मोडते. मुंबईच्या कोस्टल रोडवर रात्री गुरगुरत जाणाऱ्या गाड्यांबद्दल आजूबाजूच्या रहिवाशांनी केलेल्या तक्रारी सर्वश्रुत आहेत. धरणाच्या वाटेवरच्या गावकऱ्यांसाठी रविवारची सकाळ हीही झोपेची, पूजेची, शेतावर जाण्याचीच वेळ असते. त्यांच्या लेखी तो आवाज नमस्कार नाही.

कायदा काय सांगतो

हात करण्याला कायद्यात नाव नाही, पण त्याच्या प्रत्येक साधनाला नियम आहे. विनाकारण हॉर्न वाजवण्यासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 194 फ हे कलम आलं. पहिल्या वेळी 1 हजार आणि नंतर 2 हजार रुपये दंड. त्याआधी 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ या मजकुरावर बंदी आणली होती. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी एक प्रयोग दाखवला: चौकातला गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. अभिवादनाचा हॉर्न या सगळ्यात बसत नाही.

डिपरचा प्रश्न अधिक नाजूक. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दिवा फक्त आपली उपस्थिती कळवण्यासाठी लुकलुकवावा, दुसरा कोणताही संदेश देण्यासाठी नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेत मात्र 2014 मध्ये मिसुरीतल्या एका संघीय न्यायालयाने एलिसव्हिल शहराविरुद्धच्या खटल्यात, पुढे पोलीस असल्याचं दिव्याने सुचवणं अभिव्यक्तीच्या कक्षेत येतं अशी भूमिका घेतली. आपल्याकडे वादाचा मुद्दा अभिव्यक्तीपेक्षा घोटाळ्याचा आहे. अरुंद पुलावर एकाचा ‘राम राम’ दुसऱ्याला ‘तू ये’ वाटला तर परिणाम गंभीर होतील. घाटात चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य हा नियम आहे. उतरणाऱ्याने हौसेने मारलेल्या डिपरने चढणारा बुचकळ्यात पडतो.

उरला हात. वाहन शिकताना पाठ केलेल्या हातखुणा आठवा: खिडकीबाहेर काढून कोपरातून सरळ वर केलेला उजवा हात म्हणजे ‘मी थांबतोय’. अनेक उत्साही कारचालक नेमका असाच हात बाहेर काढून अभिवादन करतात, आणि मागून येणाऱ्याने नियमाप्रमाणे ब्रेक दाबला तर तो चूक ठरत नाही. एसटीचालकाचा पंजा काचेच्या आतच राहतो. अनुभवी लोकांच्या सवयीत किती शहाणपण असतं त्याचं हे उदाहरण.

काचेवरून आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालात गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. कारण सुरक्षेचं होतं. अभिवादनाचा त्यात विचारही नव्हता. तरी त्या निकालाने चालकाचा चेहरा पुन्हा दिसू लागला, हे या रीतीच्या पथ्यावर पडलं.

न सुटलेले प्रश्न

सगळ्यात कठीण प्रश्न संख्येचा आहे. थार नवी असताना समोर दुसरी थार दिसणं ही घटना होती. आता कल्याण–बदलापूर रस्त्यावर ती पावलोपावली दिसते आणि हात तितकेसे उठत नाहीत. यात मालकांचा स्वभाव बदललेला नाही, दुर्मिळता संपली आहे. हेच नंबरप्लेटच्या बाबतीत दिसतं. एमएच 05 म्हणजे आपल्या कल्याण आरटीओची गाडी. बदलापूर स्टेशनबाहेर तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण तीच गाडी कोकणात किंवा गोव्याच्या वाटेवर भेटली की ‘आपला माणूस’ म्हणून हात उठतो. म्हणजे अभिवादन गाडीला चिकटलेलं नसतं, ते घरापासूनच्या अंतराला आणि आजूबाजूच्या परकेपणाला चिकटलेलं असतं. तसं असेल तर ‘फक्त आपल्या ब्रँडला’ ही भूमिका त्या ब्रँडच्या यशाबरोबर स्वतःच मावळत जाईल. या युक्तिवादाला पहिल्या गटाकडून समाधानकारक उत्तर अजून आलेलं नाही.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. 2011 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘द बायकर्नी’ या स्त्री मोटारसायकलस्वारांच्या संघटनेसारख्या गटांमुळे रस्त्यावरच्या हौशी चालकांत बायका मोठ्या संख्येने आल्या. अनोळखी पुरुषाला हात करणं पुरुष चालकासाठी निव्वळ सौजन्य असतं. बाईसाठी त्याच हाताचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची, गाडी मागे लागण्याची शक्यता असते. काही जणी म्हणून गटात असतानाच उत्तर देतात, काही फक्त दुसऱ्या स्त्रीला. हात न करणाऱ्याला नावं ठेवण्याआधी पुरुष चालकांनी हे समजून घ्यायला हवं. स्वारांमध्ये मान डोलावण्याची रीत इथेही उपयोगी ठरते. ती छोटी आहे, तिला उत्तर देणं सक्तीचं वाटत नाही आणि हेल्मेटच्या आत कोण आहे हा प्रश्नच ती विचारत नाही.

तिसरा प्रश्न रस्त्याच्या रचनेचा, आणि मला वाटतं तोच निर्णायक ठरेल. ही रीत दुपदरी रस्त्याची आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर समोरचं वाहन दुभाजकापलीकडे असतं. तिथे कोणी कोणाला हात करत नाही. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, जिथे कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, तिथे समोरच्याचा चेहरा दिसण्याचा प्रश्नच येत नाही. बदलापूरजवळून मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग जातो आहे, त्याचा बोगदा डोंगर पोखरून पनवेलच्या बाजूला निघतो. या पट्ट्यातली लांबची वाहतूक त्या मार्गावर गेली की सोनिवली, मुळगाव, बारवी, मुरबाड ही जुनी वाट मोकळी होईल आणि तिथे अभिवादन वाढेल, असं काही जण मानतात. काहींच्या मते उलट होईल: द्रुतगती मार्गामुळे वस्ती वाढेल, गावरस्तेही दुभाजकाचे होतील आणि समोरासमोर येण्याची संधीच कमी होईल. दोन्ही अंदाजांना आधार आहे.

विजेच्या गाड्यांनी यात भर घातली आहे. एमजी या जुन्या नावाने 2025 मध्ये भारतात सायबरस्टर ही दोन आसनी, उघड्या छपराची विजेवरची गाडी आणली. तिला इंजिनाची गुरगुर नाही, त्यामुळे आवाजाची दाद तिच्यापुरती बाद झाली आणि चौथ्या गटाची तक्रारही. जिच्या पूर्वज गाडीने अमेरिकेत हात करण्याची सवय रुजवली, तिच्या या वारसाला अभिवादनासाठी पुन्हा हातावरच यावं लागणार आहे. छप्पर उघडं असल्यामुळे तो दिसेलही. अशी गाडी घेऊन पावसाळ्यानंतर बारवीच्या वाटेवर येणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की समोरून पहिली बहुधा मुरबाडची एसटी येईल. तिच्या चालकाचा हात उठेल की नाही हे तुमचा हात आधी उठतो का यावर अवलंबून आहे.